गोवा ट्रान्स

सिंथेसायझर, तालयंत्र इ. इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर आधारलेला नृत्यसंगीताचा एक प्रकार. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिणेस असलेल्या उत्तर गोव्यात, मुख्यतः बारदेश तालुक्यातील हणजूण व वागातोर येथील किनाऱ्यांवर, तो १९८०–९० या दशकात आकारास आला.

या किनाऱ्यांवर हिप्पी प्रवासी हिवाळ्यात मुक्कामास येत. त्यांच्या पौर्णिमेच्या नृत्यमेळाव्यांत प्रारंभी रॉक संगीत वाजे. डिस्कोचा बहर ओसरल्यावर यूरोपात सिंथेसायझरप्रधान पॉप संगीत पुढे आले व त्याच्या ध्वनिफिती प्रवाशांबरोबर गोव्यात पोहोचल्या. फ्रेड डिस्को, लोराँ, गोवा गिल (१९५१–२०२३) आदी वादकांनी त्या रात्रभर वाजविण्याची प्रथा रूढ केली. नर्तकांची तंद्री भंगू नये म्हणून गीतांतील गायन वगळून केवळ वाद्यांचे तुकडे पुनःपुन्हा जोडले जात. पॉप गीतातून शब्द गळाले आणि लय उरली, हीच या प्रकाराची सुरुवात होय.

साधनांचाही त्यावर परिणाम झाला. उष्णतेने तबकड्या वाकत. म्हणून ध्वनिफिती व पुढे डॅट ही अंकीय फीत वापरात आली. डॅटवर लय जुळविणे कठीण असल्याने रचनांच्या आरंभी व अखेरीस केवळ तालाचे लांब भाग ठेवण्यात येऊ लागले. मिनिटाला सु. १३० ते १५० ठोके, कोमल ऋषभाच्या स्वरावली व टीबी-३०३ या यंत्राचा वळणदार नाद ही या संगीताची लक्षणे होत. याच यंत्रावर मुंबईचे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले होते. ती तबकडी तेव्हा दुर्लक्षित राहिली व २०१० मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाली.

१९९० नंतर लंडन व इझ्राएल येथील ध्वनिमुद्रणांमुळे हा प्रकार जगभर पसरला. ‘हॅल्युसिनोजेन’चा ट्विस्टेड (१९९५) हा त्यातील गाजलेला संग्रह. दशकाच्या अखेरीस त्यातून सायकेडेलिक ट्रान्स हा प्रकार निघाला.

मांडो, देखणी इ. गोमंतकीय गीतप्रकारांचा या संगीताच्या जडणघडणीत वाटा नाही. गावकऱ्यांचा संबंध मुख्यतः उपजीविकेचा होता : चटया अंथरून, कंदिलाच्या उजेडात चहा विकणाऱ्या स्त्रियांना या मेळाव्यांतून उत्पन्न मिळे. त्याचबरोबर ध्वनिक्षेपकांचा गोंगाट व अंमली पदार्थांचा व्यापार यांची झळही गावांनाच बसली. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० नंतर उघड्यावरील ध्वनिक्षेपकांवर निर्बंध आले व मेळाव्यांचे मूळ स्वरूप पालटले. गोव्याचे नाव जगभर नेणाऱ्या या संगीतात गोव्याचा किनारा आहे; गोव्याचा स्वर मात्र नाही.