नावाची नोंद आणि देवनागरी : प्रारंभीच्या स्मार्टफोनसंबंधी एक विचार

खिशात मावणारा हस्तसंगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या संयोगातून स्मार्टफोन निर्माण झाला, हे सर्वज्ञात आहे. परंतु दोन यंत्रे एका कवचात बसविणे एवढाच या संयोगाचा अर्थ नव्हता. हस्तसंगणक हा मूलतः टिपणवही होता. त्यात नावे, पत्ते व भेटीच्या वेळा नोंदविता येत. मात्र नोंदीतून संपर्क घडत नसे. भ्रमणध्वनी संपर्क घडवी. पण त्याच्या लेखी माणूस म्हणजे मुख्यतः आकड्यांची एक ओळ असे. दोहोंचा मेळ बसल्यावर नाव हीच कळ झाली. नाव शोधावे, त्यास स्पर्श करावा आणि संभाषण सुरू व्हावे, अशी ही व्यवस्था होती. तिचा सारा भार नाव कसे लिहिले जाते यावर पडला.

या जातीचे पहिले यंत्र म्हणजे आयबीएमचा ‘सायमन’ होय. बेलसाउथ कंपनीने तो ऑगस्ट १९९४ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणला. सुमारे अर्धा किलो वजनाच्या या यंत्रात स्पर्शाने चालणारा पडदा, दिनदर्शिका, पत्त्यांची वही व फॅक्स यांची सोय होती. सलग संभाषण मात्र सुमारे तासभरच करता येई. १९९६ साली ‘नोकिया ९००० कम्युनिकेटर’ आला. तो बाहेरून दूरध्वनी असून उघडल्यावर आत कळफलक दिसे. पुढे २००२ मध्ये हँडस्प्रिंगच्या ‘ट्रिओ’ने पाम या हस्तसंगणकाची कार्यप्रणाली दूरध्वनीस जोडली. भारतात भ्रमणध्वनीवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झाले. येथे जीएसएम ही अंकीय पद्धती स्वीकारली गेल्यामुळे अमेरिकेतील जुन्या पद्धतीवर चालणारा ‘सायमन’ येथे निरुपयोगीच ठरला असता.

या यंत्रांची घडण रोमन लिपी गृहीत धरून झाली होती. त्यामुळे काय घडते, हे अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी या तालुक्याच्या गावाच्या नावावरून स्पष्ट होईल. पडद्यावर या नावाची पाच अक्षरे दिसतात : बा, र्शी, टा, क, ळी. संगणकाच्या लेखी मात्र त्यात अकरा चिन्हे आहेत, कारण काना, वेलांटी व हलन्त ही स्वतंत्र चिन्हे होत. शिवाय ‘र’ साठविला जातो ‘श’च्या आधी, पण रफाररूपाने काढावा लागतो त्याच्या माथ्यावर. म्हणजे प्रत्येक चिन्हास क्रमांक देऊन भागत नाही. ती जुळविण्याचे नियमही यंत्रास शिकवावे लागतात. लघुसंदेशात रोमन लिपीची १६० चिन्हे मावतात, तर देवनागरीची केवळ ७०. कारण पहिल्या लिपीच्या चिन्हास सात द्विमान अंक लागतात, दुसरीच्या चिन्हास सोळा.

प्रमाणांचा अभाव हे या उणिवेचे कारण नव्हते. भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय प्रमाण १९९१ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. म्हणजे दोन्ही प्रमाणे ‘सायमन’च्या आधीची होती. परंतु प्रमाण ठरविणे निराळे आणि अल्प स्मृतीच्या यंत्रात अक्षरजुळणी, लेखन व वर्णक्रम यांची व्यवस्था लावणे निराळे. बंगळूरच्या संशोधकांनी ‘सिम्प्युटर’ हा हस्तसंगणक भारतीय भाषा डोळ्यांपुढे ठेवूनच रचला. ‘अमिडा’ या नावाने तो २००४ मध्ये बाजारात आला.

आजच्या स्मार्टफोनवर बार्शीटाकळी हे नाव सहज लिहिता येते. तथापि रोमन लिपीतील जुन्या याद्या देवनागरीत आणताना अडचण उरतेच. एकच गाव ‘शि’ऐवजी ‘सि’ने, जोडून वा तोडून लिहिल्यास यंत्रास ती निरनिराळी गावे वाटतात. शिवाय रोमन लेखनात ‘ळ’ व ‘ल’ यांचा भेद नाहीसा होतो. ‘टाकळी’ की ‘टाकली’ हे नंतर केवळ त्या नोंदीवरून ठरविता येत नाही. जाणकार माणसासच विचारावे लागते. ग्रामनामे वा व्यक्तिनामे अशा याद्यांतून गोळा करणाऱ्या अभ्यासकाने ही हानी नोंद करतानाच झालेली असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.