स्क्रीनच्या पाठीवरचा पत्ता

जून २०१२ मध्ये ॲपलनं रेटिना डिस्प्ले असलेला पहिला मॅकबुक प्रो बाजारात आणला. १५.४ इंचांच्या स्क्रीनवर २८८० बाय १८०० पिक्सेल होते, त्यामुळे अक्षरं छापील पुस्तकातल्यासारखी रेखीव दिसत. काही महिन्यांतच एक चमत्कारिक तक्रार पुढे आली. एखादी विंडो बराच वेळ उघडी ठेवून मग बंद केली, तरी तिची पुसट सावली करड्या रंगावर रेंगाळत राहायची. ही तक्रार सगळ्यांची नव्हती. एकाच मॉडेलची, एकाच किमतीची दोन यंत्रं शेजारी ठेवली तर एकावर सावली उमटायची, दुसऱ्यावर नाही. मग लोकांनी कमांड देऊन आतल्या पॅनेलचा क्रमांक वाचायला सुरुवात केली आणि कोडं सुटलं. क्रमांक ‘एलपी’नं सुरू झाला तर पॅनेल एलजीचं, ‘एलएसएन’नं सुरू झाला तर सॅमसंगचं. सावलीच्या तक्रारी मुख्यतः एलजीच्या पॅनेलवाल्यांकडून येत होत्या. २०१३ मध्ये अमेरिकेत ॲपलवर खटलाही झाला. न्यायालयानं तो फेटाळला, पण लॅपटॉप घेताना ‘आतलं पॅनेल कुणाचं?’ असं विचारण्याची सवय अनेकांना तेव्हापासून लागली.

हा प्रश्न प्रत्येकानं विचारायला हवा. झाकणावर ज्या कंपनीचं नाव चमकतं, ती कंपनी सहसा पॅनेल बनवत नाही. ते बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. तैवानमध्ये एयूओ आणि इनोलक्स, कोरियात एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले, चीनमध्ये बीओई, आयव्हीओ आणि सीएसओटी, जपानमध्ये शार्प. पुरवठा अडू नये म्हणून लॅपटॉप कंपनी एकाच मॉडेलसाठी दोन-तीन कारखान्यांकडून माल घेते. जाहिरातीत मात्र ‘फुल एचडी, आयपीएस, अँटी-ग्लेअर’ एवढंच छापलेलं असतं. ते प्रत्येक पॅनेलच्या बाबतीत खरं असतं, आणि तरीही दोन पॅनेलांत डोळ्यांना जाणवेल इतका फरक असू शकतो.

खरी माहिती पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरवर असते. तिथला क्रमांक बारकोडासारखा निरर्थक वाटतो, पण तो वाचायला शिकणं दहा मिनिटांचं काम आहे. ‘बी१५६एचएएन०२.१’ हा क्रमांक घ्या. ‘बी’ ही एयूओची नोटबुकसाठीची खूण, १५६ म्हणजे १५.६ इंच, ‘एच’ म्हणजे फुल एचडी आणि ‘एएन’ म्हणजे आयपीएस जातीचं पॅनेल. त्याच जागी ‘टीएन’ ही अक्षरं दिसली तर तंत्र जुनं, बाजूनं पाहिलं की रंग उडणारं. एलजीच्या ‘एलपी१५६डब्ल्यूएफ६-एसपीबी१’मध्ये ‘डब्ल्यूएफ’ म्हणजे फुल एचडी आणि आडव्या रेघेनंतरचा ‘एस’ म्हणजे आयपीएस. तिथे ‘टी’ असेल तर टीएन. बीओईची ‘एनव्ही’ मालिका चांगली, ‘एनटी’ मालिका टीएनची. इनोलक्सच्या बाबतीत फरक एका अक्षराचा: ‘एन१५६एचसीई’ आयपीएस, ‘एन१५६एचजीई’ टीएन. एका अक्षरानं स्क्रीनची जातच बदलते.

नावांमुळेही गोंधळ होतो. आयपीएस तंत्र १९९६ च्या सुमाराला जपानच्या हिताची कंपनीनं बाजारात आणलं. पुढे इतरांनी तशीच पॅनेलं आपापल्या नावांनी विकली. सॅमसंगनं त्याला पीएलएस म्हटलं, एयूओनं एएचव्हीए. त्यातल्या ‘व्हीए’ या अक्षरांमुळे अनेक जण ते व्हीए नावाचं वेगळंच तंत्र समजून टाळतात. प्रत्यक्षात ते आयपीएसचं भावंड आहे. बीओईच्या एडीएस या अशाच तंत्राचं मूळ कोरियातल्या हायडिस कंपनीत आहे. ही कंपनी बीओईनं २००३ मध्ये विकत घेतली आणि तिथलं तंत्र चीनला आणलं.

लॅपटॉप न उघडताही पॅनेल कुणाचं ते कळतं. प्रत्येक पॅनेलमध्ये ईडीआयडी नावाची छोटी माहितीपत्रिका साठवलेली असते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मॉनिटर्स’वर जाऊन हार्डवेअर आयडी पाहिला की तीन अक्षरं दिसतात. एयूओ किंवा बीओई असेल तर ओळखायला सोपं. एलजीडी म्हणजे एलजी डिस्प्ले, एसडीसी म्हणजे सॅमसंग, एसएचपी म्हणजे शार्प. ‘सीएमएन’ दिसलं की मात्र नवखा माणूस अडखळतो. ते इनोलक्सचं चिन्ह आहे. २०१० मध्ये चिमेई ही कंपनी इनोलक्समध्ये विलीन झाली, नाव चिमेई इनोलक्स झालं आणि २०१२ मध्ये नावातून चिमेई गेलं, पण अक्षरं तीच राहिली.

क्रमांक कळला की पुढचं काम तुलनेचं. त्यात सर्वांत जास्त फसगत रंगांच्या बाबतीत होते, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. पॅनेलच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ किंवा ‘७२ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हा १९५३ सालच्या अमेरिकी रंगीत टीव्हीचा मापदंड. आजचे फोटो, व्हिडिओ आणि संकेतस्थळं एसआरजीबी हा मापदंड धरून तयार होतात. ७२ टक्के एनटीएससीचं पॅनेल एसआरजीबीचे जवळपास सगळे रंग दाखवतं, ४५ टक्केवालं साधारण साठ-पासष्ट टक्केच. म्हणजे पडद्यावरचं कुंकू विटकरी दिसतं, पैठणीचा राणी रंग फिका होतो, आणि घरी बसून लग्नपत्रिकेची रंगसंगती ठरवणाऱ्याला छापून आलेली पत्रिका पाहिल्यावरच चूक कळते. स्वस्त लॅपटॉपांत अजूनही ४५ टक्क्यांचीच पॅनेलं सर्रास असतात. हा आकडा जाहिरातीत ठळक छापला जात नाही, आणि हा ग्राहकावर अन्याय आहे. शिकणाऱ्या मुलाला फोटोग्राफी किंवा डिझाइन करायचं असेल तर प्रोसेसरच्या आधी हा आकडा पाहावा.

उजेड निट्समध्ये मोजतात. २२० ते २५० निट्सची स्क्रीन रात्री घरात पुरते. दुपारी खिडकीशी बसलं की तिच्यावर अक्षरांऐवजी स्वतःचाच चेहरा दिसतो. तीनशेच्या पुढे काम सुकर होतं.

ज्यांना स्क्रीनसमोर बसून डोकं दुखतं, त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. उजेड कमी करताना काही पॅनेलं मागचे एलईडी खरोखर मंद करत नाहीत, तर ते सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. ही गती दोनशेच्या आसपास असली की काही माणसांच्या डोळ्यांना ती बाधते, मग नजरेला लुकलुक दिसो वा न दिसो. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा शटर वेग वाढवून पांढऱ्या स्क्रीनकडे धरलं की काळे पट्टे सरकताना दिसतात. नोटबुकचेकसारखे परीक्षक ही गती मोजून पॅनेलच्या क्रमांकासकट छापतात, म्हणून त्यांच्या नोंदी विश्वासानं पाहता येतात.

आता बदलण्याचा भाग. स्क्रीन फुटली की मुंबईत पावलं लॅमिंग्टन रोडकडे वळतात. तिथे विचारलं जातं: ‘पेपर आहे का? तीस पिन की चाळीस?’ ‘पेपर’ म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचं पातळ पॅनेल. पिनांचा प्रश्न मात्र जरा खोलात जाऊन समजून घ्यावा लागतो.

२०१० पर्यंत बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीनकडे सिग्नल एलव्हीडीएस पद्धतीनं जायचा. त्या वर्षी डिसेंबरमध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोव्हो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून ती पद्धत मोडीत काढण्याचं जाहीर केलं आणि ईडीपी ही नवी पद्धत रुळली. एलईडीवाल्या जुन्या एलव्हीडीएस पॅनेलांना सहसा ४० पिना असत. ईडीपीच्या नेहमीच्या फुल एचडी पॅनेलला ३० असतात. पण क्यूएचडी, फोर-के किंवा १२०-१४४ हर्ट्झच्या ईडीपी पॅनेलांना पुन्हा ४०! म्हणजे ‘चाळीस पिन’ या दोन शब्दांत दोन परस्परविरोधी गोष्टी दडलेल्या आहेत. पिना मोजून भागत नाही, पद्धतही विचारावी लागते.

मापाचंही तसंच. १५.६ इंचांचं जुन्या धर्तीचं पॅनेल ३५९.५ मिलिमीटर रुंद असतं आणि त्याला स्क्रू लावायला धातूचे कान असतात. नव्या, अरुंद कडांच्या लॅपटॉपमध्ये ३५०.६६ मिलिमीटरचं, बिनकानाचं पॅनेल बसतं आणि ते चिकटपट्टीवर टिकतं. नऊ मिलिमीटरचा फरक कानशीनं घासून भरून निघत नाही. कनेक्टर डावीकडे आहे की उजवीकडे हेही पाहावं, नाही तर केबल पोचत नाही. टचस्क्रीनमध्ये काच पॅनेलला चिकटवलेली असेल तर ती वेगळी काढण्याचा हट्ट धरू नये. पूर्ण जोडच घ्यावा.

नीट निवडलेलं पॅनेल काय करू शकतं याचं चांगलं उदाहरण म्हणजे लेनोव्होचा थिंकपॅड टी४८०. २०१८ च्या सुरुवातीला आलेला हा १४ इंची लॅपटॉप कणखर, बॅटरी बाहेरून बदलता येणारा, आणि कंपन्यांनी वापरून सोडल्यावर जुन्या बाजारात भरपूर मिळणारा. त्याची फुल एचडी स्क्रीन मात्र २५० निट्सची, रंगांना फिकी. वापरकर्त्यांनी शोध घेतला आणि इनोलक्सचं ‘एन१४०एचसीजी-जीक्यू२’ हे पॅनेल सापडलं: ३० पिनांचं, ४०० निट्सचं, एसआरजीबीचे रंग पूर्ण दाखवणारं आणि विजेला काटकसरी. जुनं काढायचं, तीच केबल नव्याला लावायची. ज्यांना त्याऐवजी २५६० बाय १४४० पिक्सेलचं पॅनेल हवं होतं, त्यांना ४० पिनांची वेगळी केबल घ्यावी लागली. तेवढ्यासाठी झाकणाची बिजागरी खोलावी लागते, म्हणून बहुतेकांनी पहिली वाट धरली.

सगळ्याच कंपन्या ग्राहकाला अशी शोधाशोध करायला लावत नाहीत. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीनं २०२१ मध्ये आणलेल्या १३.५ इंची लॅपटॉपच्या स्क्रीनभोवतीची चौकट चुंबकानं बसते. ती बोटांनी उचलली की थोडे स्क्रू काढून पॅनेल हाती येतं. २०२४ मध्ये कंपनीनं २८८० बाय १९२० पिक्सेलचं, १२० हर्ट्झचं नवं पॅनेल दिलं आणि ते आधीच्या १३ इंची मालिकेतही बसेल असं केलं. त्या पॅनेलचे कोपरे गोलाकार आहेत. कारण कंपनीनं उघड सांगितलं: ते मुळात दुसऱ्या ग्राहकासाठी आखलेलं पॅनेल होतं. छोट्या कंपनीला कारखान्याकडून हवा तसा साचा करून घेणं परवडत नाही, जे तयार आहे त्यातून निवडावं लागतं. असं मोकळेपणानं सांगणारी कंपनी विश्वासाला पात्र वाटते.

प्रत्यक्ष बदलताना घातक चूक एकच, आणि ती फार वेळा होते: बॅटरी न सोडवता केबल ओढणं. त्याच केबलमधून मागच्या उजेडासाठीची वीज जाते. पिना तिरक्या घासल्या की मदरबोर्डवरचा फ्यूज उडतो. मग नव्या स्क्रीनवर चित्र असतं पण उजेड नसतो, टॉर्च मारला तरच अंधूक दिसतं. म्हणून आधी चार्जर काढावा, मग बॅटरी, आणि त्यानंतरच केबलवरची पट्टी हळूच उचलावी.

चौकट दाबून बसवण्याआधी स्क्रीन चालू करून काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा हे रंग पूर्ण पडद्यावर एकेक करून पाहावेत. फुल एचडी पॅनेलमध्ये ६२,२०,८०० उपपिक्सेल असतात आणि त्यातला एखादा मेलेला निघणं उद्योगाच्या मानकांत बसतं, पण तो दुकानातच दिसला तर बदलून मागता येतो. त्याच वेळी नव्या पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो काढावा, क्रमांकाची शेवटची दोन अक्षरंही दिसतील असा, आणि बिलाच्या फोटोशेजारी ठेवून द्यावा. पुढच्या वेळी लॅमिंग्टन रोडवर ‘पेपर आहे का?’ असं कुणी विचारलं की तो फोटो पुढे धरता येईल.