आवळलेली मूठ सैल करणारं इंजेक्शन

पक्षाघातानंतर काही आठवड्यांनी हाताची मूठ आवळून बसते, कोपर दुमडतं, पाऊल आत वळतं. स्नायूंना आवर घालणारे मेंदूचे संदेश तुटल्याने हे होतं. अशा निवडक स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिन टोचतात. हो, सुरकुत्यांवरचं तेच ‘बोटॉक्स’! अमेरिकेत त्याला पहिली मान्यता १९८९ मध्ये मिळाली ती मात्र तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी. प्रौढांच्या ताठर हातासाठी २०१० मध्ये, तर पायासाठी २०१६ मध्ये मिळाली.

हे विष मज्जातंतूच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिन सुटू देत नाही, म्हणून स्नायू ढिला पडतो. गुण काही दिवसांत दिसू लागतो आणि साधारण तीन महिने टिकतो. नेमका स्नायू गाठायला सोनोग्राफीची मदत घेतात.

गेलेली ताकद यातून परत येत नाही. मूठ उघडली की तळहात धुता येतो, नखं कापता येतात, बाही चढवता येते. रोज सेवा करणाऱ्या घरच्यांच्या लेखी हेही थोडं नाही. गुण टिकतो त्या काळात व्यायाम आणि स्प्लिंट चुकवले, तर महागडं इंजेक्शन बरंचसं वाया जातं. इंजेक्शननंतर गिळताना किंवा श्वास घेताना त्रास जाणवला, तर तडक रुग्णालय गाठावं.