गरोदर सुनेच्या छातीत जळजळ : बाजारातली पुडी नको, आधी रक्तदाब मोजून घ्या



घरात सून, लेक किंवा कारभारीण दिवसांत असली, की पाचव्या-सहाव्या महिन्यापासून एक तक्रार हमखास कानावर येते. जेवलं की छातीत आग पडते, आंबट पाणी घशाशी येतं, करपट ढेकर येतात, रात्री आडवं होववत नाही. म्हातारी माणसं म्हणतात, बाळाला जावळ दाट आहे म्हणून जळजळतं. मग बाजारच्या दिवशी घरधनी मीठ-तेलाबरोबर एखादी पुडी नाहीतर गोळी घेऊन येतो. बाईला तासभर बरं वाटतं आणि विषय तिथंच संपतो.

हा विषय इतक्यावर संपवू नये. ही जळजळ बहुतेक वेळा साधी असते, घरच्या घरी आटोक्यात येते. परंतु बाजारातल्या काही औषधांनी आई आणि बाळ दोघांना अपाय होऊ शकतो. शिवाय कधी कधी पित्त समजून ज्याकडे काणाडोळा होतो, ते जिवावरचं दुखणं निघतं. म्हणून हा मजकूर बायांइतकाच पुरुष मंडळींनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी वाचावा.

जळजळ का होते?

विहिरीवरच्या मोटारीला फुटव्हॉल्व्ह असतो. वर चढलेलं पाणी तो परत खाली जाऊ देत नाही. आपल्या अन्ननलिकेच्या आणि जठराच्या सांध्यावरही अशीच झडप असते. जठरातलं आम्ल तिच्यामुळे वर येत नाही. गरोदरपणात शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक वाढतं आणि त्यानं ही झडप ढिली पडते. वरून वाढती पिशवी जठराला खालून रेटत असते. त्यामुळे आम्ल वर येऊन छातीत जळतं. दर दोन बायांत एकीला तरी हा त्रास होतो आणि बाळंत झाल्यावर बहुधा आपोआप जातो. बाळाच्या जावळाशी त्याचा संबंध जोडत बसू नये.

आधी ताट बदला

नंदुरबारची मिरची नावाजलेली. घरात ठेचा नाही असा दिवस नाही. पण दिवसांतल्या बाईच्या ताटातला ठेचा, तिखट रस्सा, तळलेले पदार्थ आणि शेवभाजीची तर्री काही महिने कमी करावी. मिरचीनं बाळाला इजा होते असं नाही, पण आईची जळजळ वाढते.

जळजळते म्हणून काही बाया जेवणच तोडतात. हे मात्र करू देऊ नका. आपल्या जिल्ह्यात रक्त कमी असलेल्या बाया आणि कमी वजनाची बाळं आधीच पुष्कळ आहेत. खाणं कमी करायचं नाही, ते वाटून खायचं. दोन वेळा पोटभर जेवण्याऐवजी तेवढंच अन्न दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं घ्यावं. सकाळी दूध-भाकर, मग केळं किंवा भिजवलेले शेंगदाणे, दुपारी ज्वारीची नाहीतर मक्याची भाकर, मूग किंवा उडदाची कमी तिखट डाळ, गिलक्याची किंवा दुधीची भाजी. चार वाजता अंडं किंवा मुरमुरे, आणि दिवेलागणीला हलकं जेवण.

रिकाम्या पोटी काळा चहा नको, लांबलचक उपवास नको. जेवताना तांब्याभर पाणी एकदम पिण्यापेक्षा दोन जेवणांच्या मध्ये प्यावं. मिसरी, तंबाखू तर पूर्ण बंद. तंबाखूनं ती झडप आणखी ढिली पडते आणि बाळाची वाढ खुंटते.

वाकून काम आणि रात्रीची झोप

मिरचीच्या पथारीवर देठ खुडणं, नवापूर भागात भाताची लावणी, कापूस वेचणं, ऊस तोडणं, ही सगळी कामं वाकून करायची. जेवल्याबरोबर वाकलं की जठर दाबलं जातं आणि आम्ल वर येतं. जेवणानंतर निदान तासभर वाकायचं काम देऊ नये. पथारीवर बसायला पाट किंवा छोटं स्टूल द्यावं. मुकादमानं आणि शेतमालकानं एवढी सवलत दिली तर कामाचं काही बिघडत नाही. लुगड्याची किंवा परकराची गाठ पोटावर आवळून बांधू नये.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा-आठ बोटं उंच करावी. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपावं. त्यानं आम्लही खाली राहतं आणि बाळाकडचा रक्तपुरवठाही चांगला राहतो.

लोहाची गोळी बंद करू नका

मळमळ आणि जळजळ होते म्हणून लोहाची गोळी कोनाड्यात टाकून देण्याची चाल आहे. गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीपासून रोज एक अशा निदान 180 गोळ्या सरकारी दवाखान्यातून मोफत मिळतात. प्रत्येक गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती रिकाम्या पोटी सोसत नसेल तर जेवणानंतर तासाभरानं, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. गोळी घेऊन लगेच आडवं होऊ नये. चहाबरोबर ती घेऊच नये, लोह अंगी लागत नाही. गोळीनं शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नये.

कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. पित्ताचं औषध आणि लोह यांच्यातही तेवढंच अंतर ठेवावं, नाहीतर गोळी खाऊन न खाल्ल्यासारखी होते.

बाजारातून काय आणू नये

खाण्याचा सोडा, पापडखार आणि पाण्यात फसफसणारी सोड्याची पुडी नको. त्यातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं. सूज आणि रक्तदाबाचा त्रास असलेल्या बाईला ते बाधतं.

सूतशेखर मात्रा आपल्याकडे पित्तावर सर्रास घेतली जाते. तिच्या पारंपरिक पाठात पारा, धोतऱ्याचं बी आणि बचनाग असतो. गरोदर बाईनं ती आपल्या मनानं घेऊ नये. ज्येष्ठमधही औषध म्हणून रोज चघळू नये. पोट साफ करणारी सोनामुखीची चूर्णं पित्तावर म्हणून घेऊ नयेत.

कंबरदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुणी सहज देतं. त्यांनी जळजळ तर वाढतेच, शिवाय 20 आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडाला धोका असतो. अल्सरच्या आणि सांधेदुखीच्या काही गोळ्यांत मिसोप्रोस्टॉल असतं. त्यानं गर्भाशय आकुंचन पावून गर्भपात होऊ शकतो. घरातल्या दुसऱ्या माणसाची उरलेली गोळी देणं म्हणूनच धोक्याचं.

मग द्यायचं काय? ताट आणि झोप बदलूनही आराम पडला नाही तर आरोग्य उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं पांढरं पातळ औषध किंवा कॅल्शियम कार्बोनेटची चघळायची गोळी ठरल्या मात्रेत गरोदरपणात चालते. तेवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर फॅमोटिडीन किंवा ओमेप्राझोल लिहून देतात. पूर्वी घरोघरी असलेलं रॅनिटिडीन 2022 मध्ये अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळलं गेलं. घरात जुनी पाकिटं असतील तर ती देऊ नका.

हे पित्त नव्हे!

मंडळी, हा भाग नीट वाचा. पाच महिने उलटल्यावर बरगडीखाली, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बाजूला जोरात दुखू लागलं, उलट्या होऊ लागल्या, तर पित्त झालं म्हणून सोडा पाजत बसू नका. सोबत डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तोंड किंवा हात सुजले असतील, तर तो गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार असू शकतो. डॉक्टर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त आला तर बाईला लगेच दवाखान्यात न्यायचं. उशीर झाला तर झटके येतात, आई आणि बाळ दोघंही जातात. झटके आले तर ते बाहेरचं समजून भगताकडे वेळ घालवू नका.

सूज किंवा डोकेदुखी नसली तरी वरच्या पोटातलं नवं, जोराचं दुखणं असेल तर रक्तदाब मोजलाच पाहिजे. रक्ताची उलटी, चिकट डांबरासारखी दुर्गंधीची शौच, घास गिळताना अडकणं, डोळे पिवळे होणं, छातीत दुखून धाप लागणं, यांतलं काही दिसलं तरी थांबू नये. आपल्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल पुष्कळ आढळतो. सिकलसेल असलेल्या गरोदर बाईच्या छाती-पोटातलं दुखणं कधीच साधं समजू नये. गाडीसाठी 108 किंवा 102 क्रमांकाला फोन करावा.

गावच्या कारभाऱ्यांनी काय करावं?

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनी पहिली गोष्ट पाहावी ती उपकेंद्रातलं रक्तदाबाचं यंत्र चालू आहे का, ही. गावच्या प्रत्येक गरोदर बाईचा रक्तदाब दर महिन्याला कार्डावर लिहिला जातो की नाही, याची आशाताईंकडून खात्री करून घ्यावी. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून तपासणी होते. त्या दिवशी पाड्यावरून गाडीची सोय करून द्यावी.

आदिवासी भागात 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण मिळतं. त्यातली भाजी-डाळ कमी तिखट ठेवायला आहार समितीनं सांगावं. जळजळणाऱ्या बाईला तेच जेवण दोन वेळांत वाटून खाता यावं.

दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातकडे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत गरोदर बाई असेल, तर निघण्यापूर्वी तिचा रक्तदाब मोजावा. मुक्कामाला पुरतील एवढ्या गोळ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या पिशवीत आहे ना, हे पाहावं. पावसाळ्यात वाट बंद होणाऱ्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर दिवस भरत आलेल्या बाईला आधीच दवाखान्याजवळच्या नातलगाकडे हलवावं.

वाचून झालं की हे कात्रण अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. आणि पुढच्या बाजाराला जाल तेव्हा पित्ताची पुडी घेण्याआधी सुनेचं कार्ड उघडून पाहा, शेवटचा रक्तदाब कोणत्या तारखेला मोजला होता ते.