शिक्क्यांची वही

माझ्या खणात एक छोटी वही आहे. पावसानं फुगलेली, कोपऱ्यावर वाटाण्याच्या सूपचा डाग पडलेली. जर्मनीच्या मधोमध हार्झ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथं हिंडणाऱ्या बऱ्याच जणांच्या पाठपिशवीत अशी वही असते. तिथल्या कड्यांवर, तळ्यांकाठी, पडक्या किल्ल्यांपाशी मिळून २२२ लाकडी पेट्या बसवल्या आहेत. झाकण उघडायचं, आतला शिक्का शाईवर दाबायचा, वहीत उमटवायचा. ८ झाले की ब्राँझचा बिल्ला, १६ ला चांदीचा, २४ ला सोन्याचा. ५० झाले की तुम्ही भटकंतीचे राजे, आणि सगळे २२२ झाले की सम्राट. २००६ मध्ये हा खेळ सुरू झाला आणि साठी-सत्तरीची माणसंसुद्धा तो शाळकरी पोरांच्या इरेनं खेळतात.

२०१६ मध्ये नोकरीसाठी हार्झजवळच्या ब्राउनश्वाइग शहरात आले तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं. राजगड-तोरणा एका दमात केलेलं माणूस मी. जेमतेम ११४१ मीटरच्या ब्रोकेन शिखराचं मला काय कौतुक? त्यात वर जायला वाफेच्या इंजिनाची गाडी! तरी पहिल्याच शरदात वही घेतली, कारण शनिवारी करायला दुसरं काही नव्हतं.

पहिल्या पानावर टॉयफेल्समाउअर आहे, म्हणजे सैतानाची भिंत. ब्लांकेनबुर्गपासून बालेनश्टेटपर्यंत सुमारे वीस किलोमीटर मधूनमधून डोकं काढणारी ही वालुकाश्माची धार. वेडर्सलेबेन गावापाशी ती सपाट शेतांतून एकदम उभी राहते. गव्हाच्या रानात कुणी मोडका कंगवा रोवून ठेवावा, तशी. डायनासोरांच्या काळात इथं समुद्र होता. त्याच्या तळाशी आडवे साचलेले वाळूचे थर हार्झ वर उचलला जाताना त्याच्या काठाशी उभे तिरपे झाले. मऊ थर झिजून गेले, गारेसारखा कठीण झालेला थर तेवढा टिकला. हात लावला तर साखरेच्या पाकात घोळल्यासारखा खरखरीत लागतो.

हे झालं भूगर्भशास्त्र. गावाकडची गोष्ट वेगळी आहे. देव आणि सैतान यांच्यात जमिनीची वाटणी ठरली. कोंबडा आरवायच्या आत भिंत पुरी झाली तर पलीकडचं सगळं सैतानाचं. शेवटचा दगड तेवढा राहिला होता. इतक्यात बाजाराला निघालेली एक बाई ठेचकाळली, तिच्या टोपलीतला कोंबडा ओरडला, आणि सैतानानं रागाच्या भरात भिंत फोडून टाकली. पाटीवर हे वाचताना मला अंबरनाथचं देऊळ आठवलं. पांडवांनी एका रात्रीत बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिलं. कोंबड्यांनी दोन्हीकडच्या कंत्राटदारांचं बरंच नुकसान केलेलं दिसतं.

पण या भिंतीचा खरा शत्रू सैतान नव्हता, आसपासचे गावकरी होते. घर बांधायचं तर दगड दाराशीच उभा. लोक तो फोडून नेत होते. अखेर १८५२ मध्ये तिथल्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानं वेडर्सलेबेनजवळच्या खडकांना हात लावायला बंदी केली. राष्ट्रीय उद्यान तेव्हा जगात कुठंही नव्हतं. ऱ्हाइनकाठच्या ड्राखेनफेल्सची कथाही अशीच आहे. कलोनच्या कथीड्रलला तिथला दगड जात असे. खाणीमुळे सुळका कोसळेल म्हणून १८३६ मध्ये प्रशियाच्या सरकारनं तो चक्क विकत घेतला.

अशा ठिकाणांना जर्मनीत ‘नाटूअरडेंकमाल’ म्हणतात, निसर्गातलं स्मारक. हा शब्द अलेक्झांडर फॉन हुंबोल्टनं वापरात आणला, तोही व्हेनेझुएलातल्या एका अवाढव्य झाडाबद्दल लिहिताना. १९०६ मध्ये हुगो कॉनवेंट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रशियानं अशा स्मारकांसाठी सरकारी कचेरीच उघडली. आजच्या कायद्यात एखादं झाड, खडक, झरा किंवा पाच हेक्टरपर्यंतचा तुकडा असं स्मारक ठरवता येतो. कारणांमध्ये दुर्मिळता आहे, वेगळेपण आहे, आणि सौंदर्यही आहे. सरकारी कायद्यात ‘सुंदर आहे’ हे कारण चालतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पाट्यांचीही एक गंमत आहे. हार्झच्या पश्चिमेकडे संरक्षित जागेची पाटी हिरव्या काठाची, तिकोनी, त्यावर समुद्री गरुड. पूर्वेकडे पिवळ्या पाटीवर काळं घुबड. हे घुबड कुर्ट क्रेचमान यांनी १९५० मध्ये पूर्व जर्मनीत आणलं. देश एक झाला, कुंपण निघालं, पण दोन जर्मनींमधली सीमा कुठून जात होती ते घुबड अजून सांगतं. इल्झेनबुर्गहून ब्रोकेनवर चढताना एका टप्प्यावर तर सीमारक्षकांच्या गाड्यांसाठी घातलेल्या भोकाभोकांच्या काँक्रीट फरश्यांवरूनच चालावं लागतं. गुडघ्यांचा जीव घेणारी वाट. १९६१ नंतर ब्रोकेनचा माथा सामान्य माणसाला बंद होता. वर लष्कर आणि चोरून ऐकणारी यंत्रं. ३ डिसेंबर १९८९ ला चालत आलेल्या लोकांनी रेटा लावून माथ्यावरचं फाटक उघडायला लावलं.

ब्रोकेनवर पहिल्या चार वेळा मला धुक्याखेरीज काहीही दिसलं नाही. वर जाऊन वाटाण्याचं सूप प्यायचं आणि उतरायचं. पाचव्या खेपेला, जानेवारीत, खाली ढगांचा समुद्र आणि पाठीशी कोवळं ऊन. माझी सावली ढगावर पडली, तिच्या डोक्याभोवती रंगीत कडं. शेजारचे गृहस्थ कुजबुजले, “ब्रोकेनचं भूत!” मी मराठीतच ओरडले, “इंद्रवज्र!” हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तीन पावसाळे ज्याची वाट पाहिली, ते मला इथं भेटलं. जर्मन पाद्री योहान झिल्बरश्लागनं १७८० मध्ये या शिखरावरून त्याचं वर्णन केलं. कर्नल साईक्सची कोकणकड्यावरची नोंद १८३५ ची. भूत तेच, नावं दोन.

हेक्सेनटांझप्लाट्झ, म्हणजे चेटकिणींच्या नाचाचं पठार, याबद्दल फार लिहीत नाही. खाली बोडे नदीची घळ अप्रतिम आहे. वर रोपवे आणि प्लास्टिकच्या चेटकिणींची दुकानं.

वहीत २०१८ नंतरची पानं उलटताना मात्र हात अडखळतो. त्या जानेवारीत फ्रीडरिके वादळानं झाडं आडवी केली. उन्हाळा कोरडा गेला, पुढचे दोनही. स्प्रूसचं झाड सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्याला डिंकात बुडवून मारतं. पण डिंक करायला पाणी लागतं. तहानलेली झाडं हरली. भुंगेरा तांदळाच्या दाण्याएवढा. जर्मनीत त्याला ‘बुखड्रुकर’ म्हणतात, पुस्तकं छापणारा. गळून पडलेली साल उलटी केली की कळतं का: मधोमध एक उभी रेघ, तिला दोन्हीकडून फुटलेल्या बारीक ओळी, अगदी छापील पानासारख्या. तोर्फहाउसहून ब्रोकेनला जाणारी वाट २०१६ मध्ये इतकी काळोखी होती की भर दुपारी पाऊल जपून टाकावं लागे. २०२० मध्ये तिथं नजर जाईल तिथवर करडे खुंट उभे होते. २०२२ च्या सप्टेंबरात शीर्केजवळ वणवा पेटला, तेव्हा विमानं पाणी टाकत होती.

मी ते जंगल ‘मूळचं’ समजत होते. माझा हा समज शेजारच्या आजींनी उतरवला. जुन्या बाजारात मला पन्नास फेनिगचं नाणं मिळालं होतं. त्यावर गुडघ्यावर बसून ओकचं रोप लावणारी बाई आहे. आजींनी ते तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, “आई अशीच बसायची. फक्त ओक नाही हो, स्प्रूस. दिवसभर.” महायुद्धानंतर ब्रिटिशांनी भरपाईपोटी पश्चिम हार्झमधलं रान तोडून नेलं. उघडे पडलेले डोंगर गावोगावच्या बायकांनी पुन्हा भरले, आणि भराभर वाढतं म्हणून बहुतेक स्प्रूसच लावलं. त्याच्याही आधी चांदी-शिशाच्या खाणींना आधाराची लाकडं आणि भट्ट्यांना कोळसा हवा, म्हणून खालच्या उतारांवरची बीच झाडं गेली आणि रांगेनं स्प्रूस आलं. स्प्रूस इथलं खरं, पण ते वरच्या थंड माथ्यावरचं. ज्याला मी अरण्य म्हणत होते ते अर्ध्याहून अधिक शेत होतं.

हार्झच्या राष्ट्रीय उद्यानानं गाभ्यातली मेलेली झाडं बव्हंशी तशीच ठेवली, आणि त्यावरून गावांत अजून भांडणं आहेत. बुकिंग रद्द झालेले हॉटेलवाले चिडतात, लाकूडवाले हळहळतात. मीही पहिली दोन वर्षं चिडलेलीच होते. कुणी तरी साफसफाई करावी, असं वाटे. मग २०२३ मध्ये तोर्फहाउसच्या त्याच वाटेवर खाली वाकून पाहिलं. आडव्या, कुजलेल्या खोडावर शेवाळ, त्यात बोटभर स्प्रूसची सात रोपं, शेजारी रोवन, बर्च. लाल रोवनफळांवर पाखरं तुटून पडलेली. कुणीच लावलेलं नव्हतं. आजींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “रांगेत नाहीत.” कौतुक होतं की तक्रार, मला अजून ठरवता आलेलं नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात, परतायच्या आधी, पुन्हा वेडर्सलेबेनला गेले. शिक्का तर कधीच घेतलेला होता, तरी पेटी उघडली. शाई वाळून खडक झालेली. थर्मासमधला कोमट चहा दोन थेंब टाकला आणि जोर देऊन दाबलं. वहीतला हा शेवटचा ठसा तपकिरी आहे.