जुनं वॉशिंग मशीन गळतंय? आधी एक वर्तमानपत्र पसरा

बाल्कनीत पुन्हा पाणी साचलं होतं. मेकॅनिकने मशीनकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, ‘‘ताई, याचं आयुष्य संपलं. नवीन घ्या.’’ 18 वर्षांचं सेमी ऑटोमॅटिक मशीन. लग्नानंतर आम्ही दोघांनी हप्त्यावर घेतलेली पहिली वस्तू. मन तयार होईना. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, आधी गळतंय कुठून ते तरी बघ.’’

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. मशीनखालची फरशी कोरडी पुसून वर्तमानपत्र पसरा. टबमध्ये पाणी भरा, पण मशीन सुरू करू नका. 15-20 मिनिटं थांबा. मशीन बंद असतानाच कागद भिजला, तर बहुतेक वेळा दोष पाण्याच्या पाइपचा किंवा त्याच्या जोडाचा असतो. खालचा कागद कोरडा आहे, पण पाइपच्या तोंडातून थेंब पडताहेत? मग पाणी सोडणारा रबरी व्हॉल्व्ह नीट बसत नसणार. तिथे शर्टाचं बटण, केसांची पिन, दोऱ्यांचा गुंता असं काहीही अडकलेलं सापडतं.

कपडे धुताना किंवा स्पिनरमध्ये पिळतानाच पाणी येत असेल, तर टबखालचं सील झिजलेलं असू शकतं. हे काम मात्र मेकॅनिकलाच द्या, कारण हेच पाणी पुढे मोटरपर्यंत पोहोचतं. (फेस वरून उतू जात नाही ना, तेही पाहा. पावडर जास्त पडली की आमच्याकडे हमखास व्हायचं.)

आमचा कागद बंद मशीनखालीच भिजला. टब रिकामा केला, प्लग काढला. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मागचं झाकण स्क्रू काढून उघडलं. मोटरजवळच्या कपॅसिटरला हात लावायचा नाही, त्यात प्लग काढल्यावरही वीज साठलेली असू शकते. पाइपवर बोट फिरवलं, तर वाकलेल्या जागी बारीकशी चीर! मशीन इतकी वर्षं भिंतीला टेकवून ठेवलेलं, तिथेच पाइप दबला होता.

आमच्या ‘यांनी’ लगेच पुट्टी आणली. मी लावू दिली नाही. लवचीक पाइपवर कडक लेप चार दिवसांत तडकतो. पक्कडने क्लिप सैल करून पाइप काढला आणि तोच घेऊन दुकानात गेले. जाडी नजरेने ठरवायला गेलात, तर दोन फेऱ्या होतात.

नवीन पाइप बसवला, क्लिप आवळली, मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा वर्तमानपत्र पसरलं. अर्ध्या तासाने सासूबाईंनी तो कागद उचलला, दोन्ही बाजूंनी चाचपून पाहिला आणि त्यातलंच शब्दकोडं सोडवायला बसल्या.