परदेशी शिक्षण आणि हातची कमाई

“एकदा तिकडे पोहोचला की काम करील आणि आपला खर्च आपण भागवील,” हे वाक्य हल्ली जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावीही कानी पडते. जिंतूर हैदराबाद संस्थानात होते त्या काळी हैदराबादेस जाऊन १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकणे, हेच येथील घरांना परदेशगमनासारखे वाटे. आज त्याच घरांतील मुलेमुली लंडनची, टोरांटोची, म्यूनिकची प्रवेशपत्रे घेऊन येतात. घरास अभिमान वाटतो. पण पाठोपाठ खर्चाचा प्रश्न उभा राहतो. शेत तारण पडते, बँकेचे कर्ज निघते आणि हप्त्यांची चिंता वरील एका वाक्याने मिटविली जाते. ते वाक्य कितपत खरे, याचा विचार घरातील सर्वांनी मिळून, मूल विमानात बसण्यापूर्वीच करावयास हवा.

या समजुतीस आधार नाही असे नाही. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेस गेले; तेथे पडेल ते काम करून कृषिशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत नामांकित कृषितज्ज्ञ झाले. अशी चरित्रे वाचून कमवा आणि शिका हा मार्ग आपल्या मनात ठसला. परंतु अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्याने ‘केवळ शिक्षणासाठी’ येणारा विद्यार्थी असा निराळा वर्गच ठरविला, आणि त्याने शाळा सोडल्यास तसे सरकारास कळविण्याची जबाबदारी शाळेवर टाकली. आज बहुतेक देशांत विद्यार्थ्याच्या परवान्यामागे हेच तत्त्व आहे. काम करण्याची मुभा ही सवलत आहे, आणि ती मोजून दिलेली आहे.

हे माप देशोदेशी निराळे आहे. इंग्लंडात पदवीच्या किंवा त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यास सत्र चालू असता सामान्यतः आठवड्यास २० तास काम करता येते. स्वतःचा धंदा मात्र करता येत नाही. अमेरिकेत विद्यापीठाच्या आवारात २० तास. बाहेरच्या कामास वेगळी परवानगी लागते. कॅनडाने नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेरील कामाची मर्यादा आठवड्यास २४ तास केली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्यास ४८ तास, तर जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस अथवा २८० अर्धे दिवस अशी मोजणी आहे. हे नियम वारंवार बदलतात. म्हणून शेजारच्या मुलाने चार वर्षांपूर्वी काय केले यावर न विसंबता, स्वतःच्या परवान्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. इंग्लंडातील एका वर्षाच्या एम. ए. किंवा एम. एस्सी. अभ्यासक्रमात उन्हाळ्यात प्रबंध लिहावयाचा असतो. तो काळ सहसा सुट्टीचा धरला जात नाही, आणि २० तासांचे बंधन तेव्हाही कायम राहते.

आता थोडा हिशेब करू. एप्रिल २०२५ मध्ये इंग्लंडात प्रौढ कामगाराचे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. वीस तासांचे आठवड्यास सुमारे २४४ पौंड, म्हणजे महिन्यास सरासरी १,०५८ पौंड झाले. त्याच सुमारास परवाना देताना तेथील सरकार विद्यार्थ्याजवळ राहण्या-जेवण्यासाठी लंडनमध्ये महिना १,४८३ आणि लंडनबाहेर १,१३६ पौंड असावेत असे धरीत होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून काम मिळाले आणि एकही तास वाया गेला नाही, तरी पोटापुरतेही पुरे पडत नाही. मग फी आणि कर्जाचा हप्ता यांची गोष्टच सोडा. ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते. नातलगांकडून उसनी आणून ती दाखविणारे आणि मग परत करणारे लोक सरकारास फसवीत नाहीत. ते आपल्याच मुलास उपाशी ठेवीत असतात.

घरच्या माणसांच्या हाती असलेले खरे काम कागदपत्रांचे आहे. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि पारपत्रावर ते निराळ्या रकान्यात जाते. वडिलांचे नाव कुठे असते, कुठे गळते. हे फरक अर्ज करण्यापूर्वीच जुळवून घ्यावेत. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत; तेथून गुणांचे उतारे मिळण्यास लागणारा वेळ आधीच हिशेबात धरावा. तिकडे गेल्यावर प्रवेशपत्र, परवाना, कामाचा करार आणि प्रत्येक पगाराची चिठ्ठी यांच्या प्रती जपाव्यात, आणि केलेल्या तासांची वही ठेवावी. मर्यादेत राहून काम करणाऱ्या विद्यार्थ्यास किमान वेतनाचा हक्क तेथील कामगाराइतकाच असतो. उलट जो चोरून, रोखीने जास्तीचे तास करतो, त्याची मजुरी मालकाने बुडविली तरी तो तक्रार करावयास धजत नाही. प्रकरण उघडकीस आले तर परवाना रद्द होऊ शकतो, आणि पदवी अर्ध्यावर राहून कर्ज मात्र पुरे फेडावे लागते.

अशा चुका बहुधा उनाड मुलांच्या हातून होत नाहीत. वडिलांच्या आवाजातील काळजी ज्यांना फोनवरूनही कळते, त्या मायाळू मुलांच्या हातून त्या होतात. म्हणून आमची सूचना साधी आहे. जाण्यापूर्वी एका संध्याकाळी आजोबांपासून धाकट्या काकूंपर्यंत सर्वांनी एकत्र बसून खर्चाचा आकडा कागदावर मांडावा आणि त्यात मुलाच्या कमाईच्या जागी शून्य लिहावे. तरीही बेरीज जुळली तर निर्धास्त पाठवावे. न जुळल्यास एक वर्ष थांबण्यात कमीपणा नाही. तिकडे गेल्यावर मुलाने चार पैसे मिळविले, तर ते त्याच्या पुस्तकांस व गरम कपड्यांस उपयोगी पडतील. आणि फोनवर “किती मिळविलेस?” असे विचारण्याऐवजी “तास मर्यादेत आहेत ना, आणि जेवलास ना?” असे विचारावे.